फ्लेवर्ड चहा घरी चाखताना आणि करताना: पाण्यापासून डब्यापर्यंतचा क्रम

पाकीट उघडलं की घरभर वास, आणि कपात मात्र एक तर रंगीत गरम पाणी, नाही तर कडू काढा. फ्लेवर्ड चहाबद्दल ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकतो, की आता पाकीट कुठलं हे विचारायच्या आधी 'केला कसा?' हे विचारतो. पाकिटं वाईट नसतातच असं नाही. पण बिघडतो तो बहुधा क्रम. आपल्या हाताला कटिंगची सवय: आधण ठेवा, साखर-पत्ती टाका, दोन उकळ्या येऊ द्या, दूध ओता, पुन्हा उकळा. सीटीसी, म्हणजे रोजच्या दाणेदार पत्तीला हे सोसतं, ती बनवलेलीच त्यासाठी असते. मोगऱ्याच्या, बर्गमॉटच्या (संत्र्या-लिंबाच्या जातीचं एक सुवासिक फळ) किंवा व्हॅनिलाच्या वासाला सोसत नाही. सुगंधाची द्रव्यं हलकी असतात, ती वाफेबरोबर पहिल्या काही मिनिटांतच उडतात. तुरट आणि कडू द्रव्यं मात्र सावकाश, पण शेवटपर्यंत पाण्यात उतरत राहतात. स्वयंपाकघरात घमघमाट सुटला, की कपात यायचं होतं ते छताकडे गेलं असं समजा.

म्हणून आधी कोरा चहा नीट चाखायचा, त्यातून त्या पाकिटाचं माप आणि वेळ काढायची, आणि मगच दूध, साखर, बर्फ यांच्याकडे वळायचं. उलट्या क्रमाने गेलात तर काय चुकलं ते कधीच सापडत नाही.

१. पाकीट वाचा, पत्ती ताटलीत ओता

पाकिटावरचं चित्र सोडा, मागची घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला शब्द 'ब्लॅक टी' असेल तर तो चहा, 'ग्रीन टी' असेल तर वेगळं पाणी लागणार, आणि यादीत चहाचं नावच नसेल, नुसती तुळस, कॅमोमाइल, आलं असेल, तर तो चहाच्या झाडाचा नाहीच. त्याला उकळतं पाणी चालतं, आणि त्यात कॅफीनही बहुधा नसतं.

मग चमचाभर पत्ती पांढऱ्या ताटलीत पसरा. बारीक गोल दाणे म्हणजे सीटीसी. लांबट, वळलेली पानं म्हणजे ऑर्थोडॉक्स. फ्लेवर्ड चहा कोरा प्यायचा असेल तर ऑर्थोडॉक्स घ्या. सीटीसीवर फवारलेला फ्लेवर दुधासाठी ठीक, कोऱ्यात तो पत्तीच्या कडकपणाखाली दबतो.

रंगीत पाकळ्यांना भुलू नका. निळ्या कॉर्नफ्लॉवरच्या आणि केशरी करडईच्या पाकळ्या जवळजवळ फक्त दिसण्यासाठी असतात, चव देत नाहीत. करडईच्या पाकळ्यांना केशर समजून जास्त पैसे मोजणारे बरेच भेटतात. चव येते ती पत्तीवर फवारलेल्या तेलातून किंवा अर्कातून, नाही तर खऱ्या मसाल्यातून. 'हिबिस्कस' लिहिलेल्या पाकिटात कुंडीतल्या जास्वंदीची फुलं नसतात, लाल अंबाडीची बोंडं असतात, आणि ती चांगलीच आंबट असतात. हे लक्षात ठेवा, दुधाच्या टप्प्यावर कामाला येईल.

*इशारा:* यादीत ज्येष्ठमध आहे का, ते पाहा. साखर न घालता गोडवा आणायला अनेक हर्बल मिश्रणांत तो वापरतात. रक्तदाब असेल तर असा चहा रोजचा करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सुटा चहा घेतलात तर दोन तपासण्या घरीच होतात. टिपकागदावर थोडी पत्ती पसरा, वर पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पत्ती धुऊन कागद उजेडात पाहा. गडद रंगाचे डाग उमटले तर पत्तीला वरून रंग दिलेला आहे. दुसरी, पत्तीवरून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचा चुरा चिकटून आला तर ती पत्ती परत करा. यात एक अपवाद: लाल अंबाडी, गोकर्ण, बीट असं काही मिसळलेलं असेल तर कागदावर डाग पडणारच, तेव्हा ही पाहणी साध्या पत्तीपुरतीच धरा.

पहिल्यांदा घेताना २५ किंवा ५० ग्रॅमच घ्या. दुकानात मोठी बरणी उघडून नाकाशी धरतात तेव्हा सगळेच चहा आवडतात.

२. पाणी: निम्मा चहा इथेच ठरतो

या टप्प्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक पत्ती तीनदा बदलतात आणि पाणी एकदाही बदलत नाहीत.

ठाणे-नवी मुंबईपुरतं बोलायचं तर, नवी मुंबई महापालिकेचं बरंचसं पाणी तिच्या स्वतःच्या मोरबे धरणातून येतं, ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं. हे पाणी मुळात फारसं जड नसतं आणि चहाला चांगलं असतं. अडचण होते ती ते तुमच्या कपापर्यंत पोचेस्तोवर. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत टँकर येतो, काही सोसायट्यांत बोअरचं पाणी टाकीत मिसळतं, आणि जवळपास प्रत्येक घरात आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं यंत्र, बसवलेला असतो.

जड पाण्याची खूण सोपी आहे. किटलीच्या तळाशी पांढरी खपली धरते आणि कोऱ्या चहावर गार होताना तेलकट वाटावी अशी साय येते. ती साय पत्तीतलं तेल नव्हे. पाण्यातलं कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी मिळून ती बनते. अशा पाण्यात चहा गढूळ दिसतो आणि फुलांचा, फळांचा वास मंद होतो. लिंबाचा थेंब टाकलात तर साय जाते, पण गेलेला वास परत येत नाही.

आरओचं दुखणं याच्या उलट. यंत्र फार कडक लावलेलं असलं की पाण्यातले क्षार जवळजवळ संपतात, आणि चहा पोकळ पण टोचरा लागतो. विरघळलेल्या क्षारांचा आकडा, म्हणजे टीडीएस, ५० ते १५०च्या दरम्यान असेल तर चहाला छान. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे, पण पिण्याला चालणारं पाणी चहाला चालतंच असं नाही. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्त मिळतं. आरओची सर्व्हिस करायला येणाऱ्याकडे ते असतंच, त्याच्याकडून आकडा काढून घ्या.

आकडा २०-३०वर आला तर आरओचं आणि उकळून घेतलेलं नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. नळाचं पाणी म्हणजे पालिकेचं. बोअरचं किंवा टँकरचं यात नको.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. पाण्यात क्लोरीनचा वास जाणवायला लागतो, आणि मोगऱ्याच्या ग्रीन टीला त्याची एवढी बाधा होते की पोहण्याच्या तलावावर बसून चहा प्यायल्यासारखं वाटतं. उपाय: पाणी रात्री उघड्या पातेल्यात, वर जाळी ठेवून राहू द्या, किंवा झाकण न ठेवता दोन मिनिटं खळखळ उकळा.

*पाहणी:* एकच चहा तीन पाण्यांत करा: आरओचं, नळाचं उकळलेलं, आणि दुकानातल्या बाटलीचं. माप, वेळ सगळं सारखं ठेवा. तीन कप शेजारी ठेवून रंग पाहा, मग चाखा. कुठलं पाणी वापरायचं ते तुमची जीभच सांगेल, आणि हे एकदा केलं की पुन्हा करावं लागत नाही.

३. भांडी आणि माप

फार काही लागत नाही. झाकणाचं चिनी मातीचं किंवा काचेचं भांडं, खोल गाळणी, आतून पांढरे असलेले एकसारखे कप, चमचे, मोबाइलवरचं घड्याळ. आतून पांढरा कप हवाच, नाही तर रंग कळत नाही. स्टीलचं फुलपात्र चाखण्यासाठी टाळा: हाताला चटका बसतो आणि चहा लवकर गार होतो.

ते साखळीचं जाळीदार अंडं मिळतं ना, चहा भरून कपात सोडायचं, ते पाहुण्यांना दाखवायला ठेवा. ऑर्थोडॉक्स पत्ती भिजली की कितीतरी पट फुगते. अंड्यात ती दाबून बसते आणि मधली पत्ती कोरडीच राहते. साधी खोल गाळणी त्यापेक्षा बरी. गाळणी नवीच घ्या किंवा वेगळी ठेवा. दुधाच्या चहाची, आल्या-वेलचीत मुरलेली गाळणी कितीही घासली तरी अर्ल ग्रेला, म्हणजे बर्गमॉटच्या काळ्या चहाला, वेलचीचा वास देतेच.

मापाची सर्वांत मोठी चूक चमच्यामुळे होते. एक सपाट चमचा सीटीसी अडीच-तीन ग्रॅम भरते, तोच चमचा मोठ्या पानांचा चहा जेमतेम दीड ग्रॅम, आणि कॅमोमाइलची फुलं ग्रॅमभरच. म्हणून 'एक चमचा' हे माप प्रत्येक पाकिटाला वेगळं असतं. घरचा वजनकाटा ग्रॅमच्या खालचं दाखवत नसेल तर सपाट दहा चमचे एकत्र मोजा आणि दहाने भागा. पाकिटावर पेनाने लिहून ठेवा: 'सपाट चमचा = १.६'.

चमचा घालण्याआधी पाकीट आडवं धरून हलक्या हाताने फिरवा. वाहतुकीत पाकळ्या आणि फळांचे तुकडे वर येतात, बारीक चुरा तळाला जातो. न हलवता घेतलात तर पहिले कप फुलांचे आणि शेवटचे कप कडू होतात, आणि लोक म्हणतात, 'पाकीट उतरलं.'

टी बॅगबद्दल थोडंच. एका पिशवीत साधारण २ ग्रॅम किंवा थोडा कमीच चहा असतो, तो १५० मिलिलिटर पाण्याला पुरतो. आपले ऑफिसचे मग ३०० मिलिलिटरच्या वरचे. एका पिशवीवर तो मग भरला की चहा पाणचट लागतो, मग माणूस पिशवी दहा मिनिटं ठेवतो, चमच्याने पिळतो, आणि पाणचट चहा कडूही होतो. मोठ्या मगाला दोन पिशव्या, आणि पिळायचं नाही.

४. खोली, नाक आणि जीभ

चाखायला सकाळी न्याहारीनंतर तासाभराने किंवा दुपारी चारच्या सुमाराला बसा. फोडणी झालेली नको, उदबत्ती विझलेली हवी, अंगाला अत्तर किंवा हाताला वासाचा साबण नको. कांदा, पान, सुपारी, पुदिन्याची गोळी, नुकतेच घासलेले दात, यातलं काहीही अर्ध्या तासाच्या आत असेल तर जीभ खोटं बोलते. सर्दी असेल तर त्या दिवशी चाखूच नका. फ्लेवर्ड चहात नाकच मुख्य.

मधे तोंड साफ करायला कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. खारी बिस्किटं नकोत, त्यातल्या तुपाचा थर जिभेवर बसतो.

एका बैठकीत पाचांहून जास्त चहा ठेवू नका. क्रम असा: आधी त्याच जातीचा साधा, बिनफ्लेवरचा चहा, मग फुलांचे, मग फळांचे, मग बर्गमॉट, मग मसाल्यांचे, आणि अगदी शेवटी पुदिना आणि धुराचा लॅपसांग सूचाँग. पुदिना आधी घेतलात तर त्याचा गारवा तोंडात बराच वेळ राहतो आणि पुढचे चहा एकसारखे लागतात. लॅपसांग पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात, त्याच्यानंतर मोगऱ्याचं काही चालत नाही.

साधा चहा पहिला का? फ्लेवर खाली काय झाकतोय ते कळावं म्हणून. हलक्या प्रतीची पत्ती खपवायला भरपूर फ्लेवर मारण्याचा प्रकार चालतो. साध्या चहाची चव तोंडात असली की फ्लेवरच्या मागे पत्ती आहे की नुसता भुसा, ते चटकन कळतं.

५. चाखणी: मिनिटामिनिटाला एक चमचा

व्यावसायिक चाखणीची एक आंतरराष्ट्रीय रीत ठरलेली आहे, आयएसओ ३१०३. तीत १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि पूर्ण ६ मिनिटं असं माप आहे. ती रीत सगळ्या चहांना एकाच फूटपट्टीने मोजून दोष उघडे पाडण्यासाठी आहे, चहा छान लागावा म्हणून नाही. ती वाचून घरी ६ मिनिटं ठेवणारे आणि 'महागाचा चहा कडू निघाला' म्हणणारे बरेच आहेत. घरी असं करा:

पहिलं, कोरडी पत्ती हुंगा. गरम पाण्याने धुऊन पुसलेल्या कोमट भांड्यात पत्ती टाका, झाकण लावा, अर्ध्या मिनिटाने झाकण उचलून वास घ्या. गार पाकिटात जो वास येत नव्हता तो इथे येतो. फ्लेवर कृत्रिम आणि भडक असेल तर इथेच गोळ्या-चॉकलेटचा वास डोक्यात जातो.

दुसरं, २ ग्रॅमला १५० मिलिलिटर पाणी ओता (किती गरम ते पुढच्या दोन टप्प्यांत आहे), घड्याळ लावा, झाकण ठेवा. झाकण विसरू नका. सुगंध कोंडून ठेवायचा तो यानेच.

तिसरं, एक मिनिटाला झाकण उचलून चमचाभर चहा बशीत काढा, झाकण परत लावा. मग दोन, तीन, चार, पाच मिनिटांना तसंच. प्रत्येक चमचा जरा निवल्यावर चाखा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयांना अन्ननलिकेच्या संभाव्य धोक्यात धरलं आहे, आणि तसंही भाजलेल्या जिभेला चव कळत नाही.

चौथं, भुरका मारा. घरात लहानपणापासून ज्याबद्दल ओरडा खाल्ला तेच इथे करायचं आहे. ओठांतून हवा ओढत घेतलेला घोट तोंडभर पसरतो आणि वास मागच्या बाजूने नाकात चढतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. खरा फ्लेवर त्या श्वासात असतो.

पाचवं, नाक धरून चाखा. चिमटीत नाक दाबा, घोट घ्या, तोंडात खेळवा. आत्ता जे लागतंय, गोड, आंबट, कडू, तुरट, ते जिभेचं. आता नाक सोडा. एकदम जे भरून येतं ते फ्लेवरचं. व्हॅनिला किंवा कॅरॅमल चहा नाक धरून प्यायलात तर नुसता कोरा चहा लागतो. 'वास गोड पण चव गोड नाही' ही तक्रार इथे मिटते, कारण व्हॅनिलात साखर नसतेच, गोडाची आठवण तेवढी नाकाला होते.

आता बशीतल्या पाच चमच्यांकडे पाहा. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला सुगंध सर्वांत भरलेला असतो, आणि त्यानंतर कुठेतरी हिरड्यांना तुरटपणा धरायला लागतो. ज्या मिनिटाला तो वासाच्या पुढे जातो, त्याच्या आधीचं मिनिट ही त्या पाकिटाची वेळ. पाकिटावर लिहा. छापलेल्या '३ ते ५ मिनिटं'पेक्षा हा आकडा खरा, कारण तो तुमच्या पाण्यावर निघालेला आहे.

शेवटी गाळलेला चोथा हुंगा आणि कप पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एक घोट घ्या. गार चहा काही लपवत नाही. पत्ती बरी असेल तर गारही पिववतो.

*पाहणी, हौशी मंडळींसाठी:* घरात कुणी 'मला महागाचा चहा लगेच ओळखता येतो' म्हणत असेल तर तीन कप करा. दोनांत एकच चहा, तिसऱ्यात दुसरा. वेगळा कोणता ते ओळखायचं. एकदा बरोबर आलं तर फुशारकी नको, नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतंच. लागोपाठ तीनदा आलं तर मात्र मानायला हवं, अंदाजाने ते २७ वेळांत एकदाच जमेल. आमच्या इमारतीत या खेळाने काही जणांचा आवाज बराच खाली आला आहे.

६. पाण्याची उष्णता, थर्मामीटरशिवाय

ठाणे-नवी मुंबई जवळजवळ समुद्रसपाटीला, म्हणजे पाणी १०० अंशांनाच उकळतं. ग्रीन टीला ते फार होतं, पानं करपल्यासारखी कडू होतात. 'उकळी आल्यावर जरा थांबा' या सल्ल्याचा उपयोग नाही, कारण स्टीलच्या पातेल्यातलं आणि झाकलेल्या इलेक्ट्रिक केटलमधलं पाणी वेगवेगळ्या वेगाने निवतं. त्यापेक्षा मिसळा. आपल्याकडे माठात न ठेवलेलं पिण्याचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा

- चार भाग उकळतं, एक भाग साधं: सुमारे ८५ अंश
- तीन भाग उकळतं, एक भाग साधं: सुमारे ८२
- दोन भाग उकळतं, एक भाग साधं: सुमारे ७६

भांडं ओतण्याआधी गरम पाण्याने धुतलेलं असावं, नाही तर आणखी काही अंश त्यातच जातात. थंडीत पाणी थोडं गार असतं, फरक एक-दोन अंशांचाच, सोडून द्या. साधं पाणी आधी आणि उकळतं नंतर घाला, मिसळून घ्या, आणि त्यानंतरच पत्तीवर ओता. पत्तीवर उकळतं ओतून मागाहून गार पाणी घालणं म्हणजे भाजल्यावर फुंकर घालणं.

७. रोजचा कप, जातीप्रमाणे

अर्ल ग्रे, व्हॅनिला, फळांचे काळे ऑर्थोडॉक्स: उकळतं पाणी, ३ ते ४ मिनिटं. मोगऱ्याचा किंवा लिंबाचा ग्रीन टी: ७५ ते ८० अंश, २ मिनिटं. चांगल्या मोगरा-ग्रीनची पत्ती टाकू नका, तीच पुन्हा भिजवून दुसरा कप निघतो, कधी कधी पहिल्याहून सरस. उलॉन (ग्रीन आणि काळ्याच्या मधला चहा): ९० अंश, ३ मिनिटं. तुळस, आलं, कॅमोमाइल, लाल अंबाडी: उकळतं पाणी, झाकून ५ ते ७ मिनिटं.

खरी पंचाईत मिश्रणांची. 'तुळस-ग्रीन', 'आलं-ग्रीन' या पाकिटांत तुळशी-आल्याला उकळतं पाणी हवं आणि ग्रीनला नको. दोन्ही खूश होत नाहीत. अशा वेळी ग्रीनची बाजू घ्या, ८० अंश, अडीच मिनिटं, आणि तुळशीची चार ताजी पानं आधी वेगळी उकळून तेच पाणी निववून वापरा. काहव्याचंही तेच. दालचिनी आणि ठेचलेली वेलची पाण्यात चार-पाच मिनिटं झाकून उकळायची, आच बंद करायची, मिनिटभर झाकण काढून ठेवायचं, मग काश्मिरी ग्रीन टीची पत्ती घालून दोन मिनिटांत गाळायचं. केशर आणि बदामाचे काप गाळल्यावर, कपात.

ओली गवती चहाची पात ठाण्याच्या जांभळी नाक्याला किंवा कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळते. ती बोटभर तुकडे करून चेचून घ्या आणि झाकून तीन मिनिटं उकळा. तिच्यातला लिंबासारखा वास उडणारा आहे, म्हणून झाकण. पत्ती नंतर, आच बंद करून.

गोकर्णीच्या निळ्या चहाला लिंबू पिळलं की तो जांभळा होतो. मुलांना दाखवायला छान. चवीला जवळजवळ काही नाही.

८. दूध घालायचंच असेल तर

कडक काळ्या पत्तीचे, मसाल्यांचे, चॉकलेट-कॅरॅमलचे चहा दुधात चालतात. ग्रीन, मोगरा, लिंबू, लाल अंबाडी यांत दूध नको. शेवटच्या दोनांत आंबटपणाने दूध फाटेलच.

क्रम: आलं, दालचिनी, लवंग अशी कडक जिन्नसं पाण्यात आधी उकळायची. मग गवती चहाची पात. मग मसाल्याच्या सीटीसीची पत्ती, मिनिट-दीड मिनिट. मग वेगळं तापवलेलं दूध, एक उकळी, वेलची, आणि बंद. फवारलेल्या फ्लेवरची पत्ती असेल तर ती उकळायचीच नाही. नेहमीच्या दुप्पट पत्तीचा दाट कोरा चहा झाकून चार मिनिटं ठेवायचा, गाळायचा आणि त्यात तापलेलं दूध ओतायचं.

*इशारा:* कच्चं आलं किसून थेट दुधात टाकू नका. त्यातलं एक पाचक द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध नासतं. पाण्यात आधी उकळलं की त्याचा जोर संपतो. गूळ वापरत असाल तर आच बंद करून, सगळ्यात शेवटी.

९. बर्फाचा चहा

मे महिन्यात घामाने चिंब होऊन लोक गरम चहा करतात, फ्रीजमध्ये ढकलतात आणि तो गढूळला की ओतून देतात. गढूळपणा म्हणजे चहातलीच द्रव्यं गारव्याने एकत्र येणं. त्याने अपाय नाही, थोडं उकळतं पाणी मिसळलं की चहा पुन्हा निवळतो. गढूळपणा नकोच असेल तर थंड पाण्यातच भिजवा: १ लिटरला ८ ते १० ग्रॅम पत्ती, झाकून फ्रीजमध्ये रात्रभर, सकाळी गाळून त्याच दिवशी संपवा. कडूपणा फार कमी उतरतो, म्हणून फळांचे आणि मोगऱ्याचे चहा असेच सगळ्यांत छान लागतात. फुलं आणि सुकी पानं घालणार असाल तर आधी त्यांवर थोडं उकळतं पाणी ओता, मिनिटभर थांबा, मग वर गार पाणी. भिजवण्याचं भांडं फ्रीजबाहेर ओट्यावर ठेवायचं नाही, आपल्या हवेत तर नाहीच.

१०. साठवण, विशेषतः जून ते सप्टेंबर

चहा वास आणि ओल दोन्ही ओढून घेतो. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेला मोगरा-ग्रीन आठवड्यात गोडा मसाल्याकडे झुकतो. घट्ट झाकणाचा, अपारदर्शक डबा घ्या. काचेच्या बरण्या दिसतात छान, पण उजेडाने सुगंध मरतो. प्रत्येक फ्लेवरला वेगळा डबा, लॅपसांगला वेगळं कपाटच. डब्यात जाणारा चमचा कोरडा. उकळत्या पातेल्यावर डबा धरून पत्ती टाकायची सवय मोडा, वाफ आत जाते.

फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढलं की आमच्या इकडच्या दमट हवेत थंड पत्तीवर लगेच पाणी धरतं.

पत्ती ओलावली का ते बोटांनी कळतं. कोरडं पान चिमटीत कट्कन मोडतं, ओलावलेलं वाकतं. साधी पत्ती कोरड्या कढईत मंद आचेवर क्षणभर फिरवून सावरता येते. फ्लेवर्ड पत्तीला हे करू नका, उरलासुरला वास कढईबरोबर जाईल. ती लवकर पिऊन संपवा. कुबट किंवा बुरशीचा वास आला तर मात्र सावरायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.

डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. फवारलेले फ्लेवर दोन-तीन महिन्यांत मंदावतात, मसाल्याचे थोडे जास्त टिकतात. खोबरं, बदाम किंवा काजूचे तुकडे असलेलं पाकीट सगळ्यात आधी संपवा, त्यातलं तेल खवट होतं आणि सगळ्या पत्तीला तो वास लागतो. असा खवटलेला चहा कचऱ्यात गेलेलाच बरा. कुंडीत खत म्हणून टाकलात तर त्यातल्या साखरवलेल्या फळांच्या तुकड्यांना मुंग्या लागतात.